मी, चालकाशिवाय चालणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण रस्त्यावरून धावलेली नव्हे. खड्डे, चिखल, पोलिसाची शिट्टी यातलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. मला ‘उद्याची गाडी’ म्हणत. तो उद्या काही आला नाही आणि मी मात्र जुनी झाले. हसू नका, बाळांनो. आज तुमच्या हातात जे नवंकोरं चकाकतंय ना, त्याच्यावरही ही पाळी येणार आहे.

माझा जन्म एका मासिकाच्या कव्हरवर झाला. त्या काळी अशा चित्रांचं वेड होतं. चित्रांत गाड्या उडायच्या, घरं खांबांवर गोल फिरायची आणि चंदेरी कपड्यांतल्या बायकांनी नुसतं बटण दाबलं की स्वयंपाक तयार! एका खेळवाल्या मालकाने ते कव्हर फाडून खिशात घातलं. ठिकठिकाणी तंबू लावायचा आणि लोकांना तोंडात बोट घालायला लावायचं, हा त्याचा धंदा. वाकडे आरसे, तोफेतून उडणारा माणूस, सगळं दाखवून झालं होतं. लोक कंटाळले होते. “आता लोकांना उद्या दाखवायचा,” असं म्हणत त्याने ते कव्हर एका पत्रेवाल्या मिस्त्रीपुढे टाकलं. “अशी बनव.”

मिस्त्रीने चित्र उलटसुलट करून पाहिलं. त्याचं सगळं आयुष्य ट्रंका, पिंपं आणि पाण्याच्या टाक्या बनवण्यात गेलेलं.

“बनवतो. पण ही चालणार कशी?”

“ते मागाहून बघू. आधी दिसू तर दे.”

माझं सगळं आयुष्य या एका वाक्यात आलं, मित्रांनो. मिस्त्रीने वाळूच्या पोत्यावर पत्रा ठोकून ठोकून माझं अंग घडवलं. पुढे निमुळतं नाक, मागे माशासारखे दोन पंख, वर पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट आणि सगळ्यावर चंदेरी रंग. कुठे सांधा दिसत नव्हता की खिळा. दिसायला मी लाखात एक होते, खरं सांगायला लाज कसली? आणि आत काय होतं म्हणाल, तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! एका मोडक्या स्कूटरचं इंजिन, तिचंच हँडल आणि चार लहान चाकं.

आता खरी गोम ऐका. ही गाडी चालकाशिवाय चालते, अशी मालकाला जाहिरात करायची होती. पण न चालवता गाडी चालत नसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून मिस्त्रीने माझ्या पोटात, इंजिनाच्या पुढ्यात, एका माणसाला पालथं झोपता येईल एवढी जागा ठेवली. बाहेरचं दिसायला नाकाशी एक जाळी ठेवली. त्याच जाळीतून हवाही येई. पोटाला दार केलं आणि दाराला कडी बसवली. जन्मभर ट्रंका केलेला माणूस तो! हाताच्या सवयीने त्याने कडी बाहेरून बसवली. ट्रंकेला आतून कडी असते का कधी? त्यालाही वावगं वाटलं नाही आणि पाहणाऱ्यांनाही नाही.

त्या पोटात शिरला वाटाणा. हे त्याचं नाव नव्हे, पण सगळे त्याला तेच म्हणत. बुटका, गोल, कुठेही टाका, टुणटुणत पुढे जाणारा. त्याला लहानपणापासून एकच ध्यास होता, गाडी चालवायचा. इंजिनाच्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखायचा. पण कुणी त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवत नव्हतं, कारण त्याचे पाय क्लचपर्यंत पोचत नसत. बस डेपोत गेला तर लोक म्हणत, “अरे, आधी स्टूल आण, मग बस आण.” तो त्यांच्याबरोबर हसायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. माझ्या पोटात पायाने दाबायचा क्लच नव्हता, पेडल नव्हतं. सगळं हँडलवर. पहिल्या दिवशी त्याने ते हातात धरलं आणि मला हळूच एक वळसा दिला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

“दादा,” तो मिस्त्रीला म्हणाला, “ही माझ्याच मापाची केलीत तुम्ही.”

त्याची बायको शिवणकाम करायची. तिच्या हाताला असं वळण होतं, की खडूने रेघ न मारता कात्री चालवली तरी कापड सरळ दोऱ्यात कापलं जाई. मालकाने तिच्याकडून चंदेरी पोशाख शिवून घेतला आणि मग तिलाच तो घालायला लावला. तिने वर घुमटात बसायचं, दोन्ही हात उंच धरायचे आणि हसायचं. म्हणजे लोकांना पटावं, की गाडी ही बाई चालवत नाही आणि दुसरंही कुणी चालवत नाही. घुमटाची खिटीसुद्धा बाहेरूनच होती. आतून मूठ बसवली असती तर म्हणे रूप बिघडलं असतं.

असा संसार होता बघा. वर बायको, खाली नवरा आणि मधे एक फळी. खेळ चालू असताना तो खालून फळीवर बोटं वाजवून तिची चेष्टा करायचा. ती तोंडावरचं हसू न हलवता पुटपुटायची, “अहो, पुरे! लोक बघतायत.”

प्रदर्शनाचं नाव ‘उद्याचं जग’. माझ्या शेजारी आपोआप स्वयंपाक करणारी चूल होती. तिच्या मागे एक आचारी उकिडवा बसून ताटं पुढे सरकवायचा. पलीकडे बोलणारं यंत्र होतं. त्याच्या मागे घसा बसलेला एक नट. उद्याच्या त्या जगात प्रत्येक वस्तूमागे कुणी ना कुणी घाम गाळत दडलेलं होतं. लोक मात्र खूश होते. माझ्यापुढे तर पाय ठेवायला जागा नसायची. मालक माइक घेऊन ओरडायचा, “विचारा, काय हवं ते विचारा! गाडी उत्तर देईल!” मग एक ठोका म्हणजे हो आणि दोन ठोके म्हणजे नाही. वाटाणा आतून पान्याने माझ्या तळाला ठोके द्यायचा. “मी पास होईन का?” ठक. “माझी सासू सुधारेल का?” ठक ठक! लोक हसून हसून लोळायचे.

आणि तीन ठोके म्हणजे ‘हवा हवी, दार उघडा’. ही खूण फक्त आमच्या माणसांची होती. पोटात इंजिनाचा धूर कोंडायचा, डोकं जड व्हायचं. मग तो तीन ठोके द्यायचा आणि मालक मला पडद्याआड नेऊन दार उघडायचा.

पुढे जे झालं ते कुणी कपटाने केलं नाही. म्हणूनच ते जास्त लागतं मनाला.

एकदा एका लहान मुलीने विचारलं, “गाडी, तुला हसू येतं का गं?” नेमका तेव्हाच वाटाणा गुदमरला आणि त्याने तीन ठोके दिले. ठक ठक ठक! सगळा तंबू खदखदला. “गाडी हसली!” दुसऱ्या दिवशी मालकाने बाहेर पाटी लावली: ‘या, हसणारी गाडी पाहा.’ झालं, तीन ठोके खेळात गेले. बायको चिडली. वाटाणा म्हणाला, “अगं, लोकांना आवडतंय ना? आपण दुसरी खूण ठरवू. मी फळीवर बुक्की मारीन, तू दोन्ही हात हलव. मालक ओळखतील.”

ठरलं. एक दिवस त्याने बुक्की मारली, तिने हात हलवले. मालकाने ओळखलंही, दारही उघडलं. पण तिने हात हलवताच समोरच्या सगळ्या लोकांनीही हात हलवले होते. पोरंबाळं, म्हातारे, सगळे! असं दृश्य त्या तंबूत कधी दिसलं नव्हतं. मालक हात जोडून म्हणाला, “वहिनी, आजपासून प्रत्येक फेरीला एकदा असं करा. लोक जीव टाकतात हो!” ती नको म्हणाली. पण वाटाण्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की तिला पुढे बोलवेना. त्या टाळ्या आपल्याच आहेत, असं त्याला वाटायचं. होत्याही त्याच्याच. फक्त देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.

त्याचं एवढंच मागणं होतं. “मालक, एकदा, फक्त एकदा सगळ्यांसमोर दार उघडा. मला बाहेर येऊ द्या. ही गाडी मी चालवतो, हे लोकांना कळू द्या.” मालक टाळत राहिला. शेवटी म्हणाला, “मुक्कामाचा शेवटचा खेळ येऊ दे. त्यात उघडतो. शब्द दिला.” आणि त्याने मनापासून दिला होता, मी साक्षीला आहे.

त्या शेवटच्या खेळाला बडे पाहुणे येणार होते. मालकाने माझ्या नाकाच्या जाळीवर एक पारदर्शक तावदान बसवायला सांगितलं, मागे रंगीत दिवे सोडून. मिस्त्री स्क्रू आवळता आवळता थांबला.

“वाटाण्या, हवा कुठून येणार रे?”

“अहो दादा, आजच्यापुरतं तर आहे. आणि आज शेवटी दार उघडणारच आहेत. तोवर काढतो कळ.”

त्याने त्या दिवशी नवा शर्ट घातला होता, निळा, बायकोने त्याच्या मापाचा शिवलेला. केसांना तेल लावलं होतं. आत पालथं पडताना कॉलर चुरगळू नये म्हणून मानेखाली रुमाल घेतला. बायकोने वाकून विचारलं, “आणि आज हवा लागली तर? ठोके गेले, हात गेले. कसं कळवणार?” तो म्हणाला, “आज नाही लागणार.” मिस्त्रीने दार लावलं. कडी पडली.

मित्रांनो, मला नाक होतं, पण श्वास घेता येत नव्हता. तरीही त्या दिवशी माझ्या पोटात काय साचत होतं ते मला कळत होतं. पहिल्या काही फेऱ्या छान झाल्या. प्रश्न आले, उत्तरं गेली. मग त्याने तीन ठोके दिले. लोक हसले. पुन्हा तीन दिले. लोक आणखी हसले. मालक पाहुण्यांकडे वळून म्हणाला, “आज गाडी फारच खुशीत आहे!” मग खालून फळीवर बुक्की आली. एक, मग दुसरी, तिच्यात जोर नव्हता. बायकोच्या तोंडावरचं हसू गेलं. तिने दोन्ही हात हलवले. लोकांनी हात हलवले. तिने घुमटावर मुठी आपटल्या. लोकांनी उभं राहून हात हलवले. ती किंचाळत होती, “दार उघडा! अहो, दार उघडा!” घुमट जाड होता आणि बाहेर बँड वाजत होता. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी नातवाला उचलून घेतलं आणि म्हणाले, “बघ, बघ, ती तुलाच बोलावतेय.”

मिस्त्री तंबूच्या मागे सामान बांधत होता. त्याला काहीच दिसलं नाही.

मग वाटाण्याचं कपाळ माझ्या तळावर टेकलं. त्याचे हात हँडलवरून सुटले नाहीत. हँडल डावीकडे वळलेलं होतं आणि त्याच्या अंगाचा भार त्यावर पडला. मी गोल फिरू लागले. इतकी गुळगुळीत, इतकी एकसारखी, की आजवर कधी तशी फिरले नव्हते. एक हिसका नाही, एक धक्का नाही. पाहुणे म्हणाले, “वा! याला म्हणतात यंत्र. माणसाच्या हाताला असं कधी जमेल का?”

माझं जन्मातलं सगळ्यात मोठं कौतुक ते. मला ब्रेक होता, बाळांनो, पण तो दाबायला मला हात नव्हता. मी त्याला पोटात घेऊन फिरत राहिले आणि वर ती घुमटाला नखं लावत राहिली. पेट्रोल संपलं तेव्हा मी थांबले.

मालक माइक घेऊन हसत हसत आला. दिलेला शब्द त्याला पाळायचा होता. “आणि आता, मंडळी, उद्याच्या जगातलं सगळ्यात मोठं गुपित!” असं म्हणून त्याने कडी काढली आणि दार थोडंसं उघडलं. त्याला निळी बाही दिसली. चेहरा दिसला. मग त्याने दार लावलं आणि माइकमध्ये म्हणाला, “गाडी दमली, मंडळी. टाळ्या!” कडकडाट झाला. त्याच कडकडाटात त्याने आणि दोन गड्यांनी मला ढकलत पडद्याआड नेलं आणि तिथे घुमटाची खिटी काढून तिला बाहेर घेतलं. वाटाण्याला एकदाच लोकांसमोर यायचं होतं. तेवढंही झालं नाही.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. मालक रडला, खोटं नाही सांगत. पण रडून झाल्यावर त्याला पुढच्या मुक्कामाची काळजी लागली. तंबूचं भाडं, माणसांची पोटं, सगळं माझ्यावर उभं होतं. काही दिवसांनी तो एका नव्या बुटक्या माणसाला घेऊन शेडमध्ये आला. बिचारा नुकताच लग्न झालेला, कामासाठी वणवण फिरलेला. मालक त्याला म्हणाला, “सोपं काम आहे. पडून राहायचं.” आणि पेट्रोल आणायला गेला.

तेवढ्यात वाटाण्याची बायको आली. तिला कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. बहुधा मिस्त्रीनेच. कारण तो तिच्या मागोमाग खाली मान घालून आला आणि त्याने स्वतःची पत्रा कापायची कात्री तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली.

“वहिनी, द्या, मी कापतो. तुम्हाला नाही जमायचं.”

“तुम्ही कडी बसवलीत, भाऊजी. आता बाजूला व्हा.”

मिस्त्री बाजूला झाला. भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तिने माझ्या डाव्या कुशीवर हात फिरवला. आत माणूस झोपला की त्याचं तोंड जिथे येतं, ती जागा तिने नेमकी शोधली. तिला शोधावी कशाला लागणार? त्याच्या उंचीची वीत न् वीत तिला पाठ होती. मग तिने पत्र्यात कात्री घुसवली. आयुष्यात कापड तिरकं न कापलेली बाई ती, पण माझा पत्रा तिने वेडावाकडा कापला. बोटांतून रक्त येत होतं. मला दुखलं का? दुखलं. पण कुणी माझ्या अंगाला पहिल्यांदाच खऱ्या कामासाठी हात लावत होतं.

भोक झालं. ती नव्या माणसाला म्हणाली, “डोकं घालून बघ. मावतं का?”

त्याने भीत भीत डोकं घातलं. “मावतंय, ताई.”

“आत कसला वास येतोय?”

डोकं बाहेर काढून त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चेहरा पांढरा पडला होता.

“घरी जा,” ती म्हणाली. तो गेला.

मालक पेट्रोलचा डबा घेऊन परत आला आणि त्याला माझ्या कुशीवरचं भोक दिसलं. “अहो वहिनी, हे काय केलंत? आता हिला कोण बघणार? सगळ्यांना दिसेल ना, आत माणूस आहे म्हणून!”

“दिसू दे,” ती म्हणाली.

ती पुन्हा आली नाही. माझा खेळही पुन्हा झाला नाही. पोटाला भोक असलेला उद्या कुणाला हवा? तंबू विकला गेला, मालक कुठेतरी निघून गेला. मला एका गोदामात ढकललं. माझ्यावर पोती रचली, घुमट पिवळा पडून तडकला, उंदरांनी इंजिनात संसार मांडले. चंदेरी रंगाचे पोपडे निघाले. वाईट वाटायचं, नाही कसं म्हणू? पण त्या भोकातून वारा आत यायचा. रात्रंदिवस यायचा. ती सगळी वर्षं माझं पोट मोकळं होतं.

आता मात्र माझे दिवस फिरलेत म्हणे. जुन्या काळच्या भविष्याचं लोकांना भारी कौतुक आलंय. उडत्या गाड्यांची चित्रं, प्लॅस्टिकची घरं, सगळं शोधून शोधून जपतात. मलाही उचलून एका स्वच्छ कारखान्यात आणलंय. इथे एक काका आणि त्यांची पुतणी जुन्या गाड्या नव्या करतात. माणसं वाईट नाहीत. हात हळुवार आहेत. नवा घुमट तयार आहे, नवा चंदेरी रंग तयार आहे. माझ्यापुढे उभी करायची पाटीही आलीय: ‘चालकाशिवाय चालणारी गाडी. कारागिरीचा विसरलेला चमत्कार.’

काल काकांनी माझ्या कुशीवरचं भोक पाहिलं आणि चुकचुकले. “भुरट्या चोरांनी कापलेलं दिसतंय. काय ही नासधूस!”

पुतणीने कडांवरून बोट फिरवलं. “काका, चोर असं तोंडाएवढं भोक कशाला पाडेल?”

“काय की. नसत्या चौकशा करू नकोस. उद्या पत्रा लाव, वरून पुट्टी ओढ, घासून घे. कुणाच्या बापाला कळता कामा नये.”

पत्र्याचा तुकडा कापून झाला आहे. माझ्या शेजारच्या बाकावर ठेवलाय. तो बरोबर बसेल, मी माप पाहूनच सांगते.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही जुन्या वस्तू नेहमी सांगतो. मीही सांगितलं असतं. पण मला तसं जपू नका. तुम्ही मला बघायला याल तेव्हा मी पुन्हा लाखात एक दिसत असेन. दोरीपलीकडून बघू नका. कुणी रागावलं तरी चालेल, जवळ या आणि माझ्या डाव्या कुशीवर तळहात फिरवा. पत्रा गार लागतो, पुट्टी तेवढी लागत नाही. जिथे तुमच्या हाताला गारवा लागणार नाही, तिथे थांबा. तिथे एका माणसाला श्वास हवा होता.